भारतीय लायसन्सवरून जर्मन लायसन्स: सहा महिन्यांची मुदत, दोन परीक्षा आणि मधली वाट पाहणं

जर्मनीत नव्याने आलेली मराठी मंडळी भेटली की व्हिसा आणि घर यांच्यानंतर तिसरा विषय लायसन्सचा निघतो. मोठ्या शहरात राहणाऱ्याचं ट्राम आणि रेल्वेवर छान भागतं, त्याला घाई नसते. आम्ही राहतो ते बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातलं छोटं गाव आहे. तासाला एक बस, संध्याकाळी सातनंतर तीही नाही, रविवारी विचारायलाच नको. मुलीचे डॉक्टर शेजारच्या गावात, किराणा त्याच्याही पुढच्या गावात. मे २०२४ मध्ये मला जर्मन लायसन्स मिळालं. त्याआधी मी जिथे जिथे माहिती शोधली तिथे अर्धवट काहीतरी हाती लागायचं. म्हणून सगळं पहिल्यापासून, घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

आम्ही २७ ऑगस्ट २०२३ ला इथे आलो. निघण्याआधी नाशिकच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घेतलं होतं. ते एक वर्षाचं असतं, त्यामुळे वर्षभर तरी चिंता नाही अशीच आमच्या ओळखीतल्या बहुतेकांची समजूत होती. नियम तसा नाही. तुम्ही जर्मनीत राहायला आलात की तिथून सहा महिने तुमचं भारतीय लायसन्स चालतं. परमिटवर वर्षाची तारीख छापलेली असली तरी मुदत सहा महिन्यांचीच. त्यानंतर गाडी चालवली तर ती विनापरवाना चालवल्यासारखी धरतात, आणि इथे तो नुसता दंडाचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. परक्या देशात, राहण्याचा परवाना हातात असताना, त्या वाटेला कुणी जाऊच नये.

जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड अशा काही देशांचं लायसन्स इथे परीक्षा न देता बदलून मिळतं. त्या यादीत भारत नाही. आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एकच, पण मोठी. अगदी नव्याने शिकणाऱ्याला जे थिअरीचे वर्ग आणि महामार्गावरचे, रात्रीचे ठरावीक तास सक्तीचे असतात, ते आपल्याला सक्तीचे नाहीत. ज्याला स्वतःवर भरवसा आहे तो थोडे तास घेऊन परीक्षेला बसू शकतो. ड्रायव्हिंग स्कूल मात्र लागतंच, कारण परीक्षा त्यांच्या गाडीतून आणि त्यांच्या शिक्षकाला शेजारी बसवूनच होते. ड्रायव्हिंग स्कूलला इथे ‘फारशूले’ म्हणतात.

ऑक्टोबरात आम्ही एक जुनी गाडी घेतली. त्याच सुमारास पलीकडच्या गावातल्या एका मराठी ताईंची ओळख झाली. त्या इथे सात-आठ वर्षं आहेत. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, “अर्ज केलास का गं लायसन्सचा?” मी म्हटलं, “फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे ना, ताई.” त्यावर त्या म्हणाल्या, “अगं, फेब्रुवारीपर्यंत गाडी चालवायला वेळ आहे. अर्जाला आजच उशीर झालाय.” मला या सगळ्यात मिळालेला हा सर्वांत मोलाचा सल्ला. दुसऱ्याच दिवसापासून मी कागद जमवायला लागले. नवऱ्याकडेही भारतीय लायसन्स आहे, पण दोघांचा खर्च एकदम झेपणारा नव्हता. त्याला कंपनीची बस आहे, म्हणून आधी मी करायचं असं ठरलं.

कागद पाच लागले: डोळे तपासल्याचा दाखला, बायोमेट्रिक फोटो, प्रथमोपचार शिबिराचं प्रमाणपत्र, भारतीय लायसन्सचं अधिकृत जर्मन भाषांतर आणि पत्त्याची नोंदणी केल्याचा कागद. शिवाय पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना. अर्जात फारशूलेचं नावही लिहावं लागतं, म्हणून स्कूल आधी ठरवून ठेवा.

डोळे तपासणं सर्वांत सोपं. चष्म्याच्या दुकानात गेले, यंत्रात डोकावून कोणत्या वर्तुळाला कुठे फट आहे ते सांगितलं, दहा मिनिटांत दाखला हातात. याचा दर ठरलेला आहे, ६.४३ युरो. चष्मा लावून चाचणी दिलीत तर तशी नोंद लायसन्सवर येते आणि मग चष्म्याशिवाय चालवता येत नाही. भाषांतर मी एडीएसीकडून करून घेतलं. ही वाहनधारकांची इथली मोठी संघटना आहे, आणि भाषांतरासोबत तुमचं भारतीय लायसन्स इथल्या कोणत्या वर्गात बसतं तेही ते लोक लिहून देतात. साधारण पासष्ट युरो लागले आणि दोन आठवडे गेले. आपल्या स्मार्टकार्डावर सगळं इंग्रजीत असतं, तरीही भाषांतर मागतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रथमोपचाराचं शिबिर १८ नोव्हेंबरला, शनिवारी, दिवसभर होतं. पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास. इंग्रजीतले वर्ग आमच्या गावात नसल्याने रेल्वेने शहरात गेले. फी पंचावन्न युरो. मी हे नुसतं प्रमाणपत्रासाठीचं काम समजून गेले होते, पण त्या दिवसाबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते. जमिनीवर रबरी बाहुला ठेवलेला. त्याच्या छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेकवायचा, कोपर ताठ ठेवायचे आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. तीस दाब, मग दोन श्वास. ऐकायला सोपं वाटतं. दुसऱ्या फेरीतच मनगटं भरून आली आणि दाब उथळ पडायला लागले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हातांवर त्यांचे हात ठेवून किती जोर लागतो ते दाखवलं. हेल्मेट घातलेल्या माणसाचं डोकं कसं धरून हेल्मेट काढायचं, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, अपघाताच्या जागी सर्वांत आधी पिवळं जॅकेट घालून त्रिकोण कुठे ठेवायचा, हे सगळं हाताने करून घेतलं. ते जॅकेट, त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी गाडीत असणं इथे सक्तीचं आहे. मी आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “आपल्याकडे पण असं शिकवायला पाहिजे गं सगळ्यांना.” मलाही मनापासून तसंच वाटतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लायसन्स कार्यालयाची वेळ मिळाली. कार्यालय जिल्ह्याच्या गावाला. खिडकीपलीकडच्या बाईंनी एकेक कागद पाहून शिक्का मारला. भारतीय लायसन्स मूळचंच हवं, मोबाइलमधलं चालत नाही. माझं कार्ड नूतनीकरण केलेलं असल्याने पहिल्यांदा लायसन्स कधी मिळालं हे त्यांनी विचारलं. कार्डावर ती तारीख होती म्हणून निभावलं. ज्यांच्या जुन्या कार्डावर ती दिसत नाही, त्यांनी भारतातून निघण्याआधीच आरटीओकडून तसा उतारा घेऊन ठेवलेला बरा. इथून ते काम करणं फार जिकिरीचं होतं. अर्जाचे पंचेचाळीस युरोंच्या आसपास घेतले आणि सांगितलं, “पत्र येईल.”

पत्र यायला जानेवारी संपत आला. मधे नाताळ, मग नवीन वर्ष. इथे डिसेंबरच्या मध्यापासून कुठलंही काम हलत नाही, हे नव्याने येणाऱ्यांनी आधीच धरून चालावं. या काळात मन फार अस्वस्थ असायचं. रोज टपालपेटी उघडून बघायची. फेब्रुवारीची तारीख जवळ येत होती आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. शेवटी पत्र आलं. माझा अर्ज मान्य झाला होता आणि परीक्षेचे कागद ‘ट्यूफ’कडे पाठवले होते. वाहन तपासणी आणि परीक्षा घेणारी ही संस्था. पूर्वेकडच्या राज्यांत हेच काम डेक्रा करते. तिथून पुढे बारा महिन्यांत लेखी परीक्षा आणि ती झाल्यावर बारा महिन्यांत प्रत्यक्ष परीक्षा द्यायची असते. तिथे वेळ भरपूर मिळतो.

वाट पाहण्याचा तो काळ मी अभ्यासाला लावला होता, आणि तुम्हीही लावा. प्रश्नसंच हजाराहून अधिक प्रश्नांचा आहे आणि तो मोबाइलवर मिळतो. फारशूलेने माझ्या नावनोंदणीतच ॲप दिलं. नोंदणी फी दोनशे ऐंशी युरो. परीक्षा जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते, त्यात इंग्रजी आहे, हिंदी नाही. एका परीक्षेत तीस प्रश्न. प्रत्येक प्रश्न चुकला की दोन ते पाच दोषगुण. एकूण दहापर्यंत चालतात, पण पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर एकूण दहाच असूनही नापास. एका प्रश्नाची एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात, आणि त्यांतलं एक राहिलं किंवा एक जास्तीचं निवडलं तर पूर्ण प्रश्न गेला. काही प्रश्न व्हिडिओचे असतात. गाडी चालली आहे, व्हिडिओ थांबतो आणि मग विचारतात की इथे कशाकडे लक्ष द्याल. तेव्हा उजव्या कोपऱ्यात क्षणभर दिसून गेलेला सायकलवाला आठवावा लागतो. प्रश्नसंच दर वर्षी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. आपली तारीख त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते पाहून ॲप अद्ययावत करून घ्या.

आकडे पाठ करावे लागतात. त्यातला एक हिशेब मला परीक्षेनंतरही रोज उपयोगी पडतो. वेगाला दहाने भागा आणि तीनने गुणा, म्हणजे ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत गाडी किती मीटर पुढे जाते ते कळतं. वेगाला दहाने भागून त्या आकड्याचा वर्ग करा, म्हणजे ब्रेक लागल्यावर थांबेपर्यंत किती मीटर जाते ते. पन्नासच्या वेगाला पंधरा अधिक पंचवीस, चाळीस मीटर. शंभरला तीस अधिक शंभर, एकशे तीस मीटर. वेग दुप्पट झाला, थांबायचं अंतर तिपटीहून जास्त झालं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण हे मला कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं.

लेखी परीक्षा १२ मार्चला झाली. पासपोर्ट दाखवला, पडद्यासमोर बसले, निकाल लगेच. फी पंचवीस युरो. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. अभ्यास केला की ती होते.

प्रत्यक्ष गाडीचे तास मी फेब्रुवारीतच सुरू केले होते, कारण शिक्षकांची वेळ मिळणं हेच इथे सर्वांत अवघड आहे. आधी तीन स्कूलांनी “नवीन विद्यार्थी घेत नाही” म्हणून परत पाठवलं होतं. पंचेचाळीस मिनिटांचे पासष्ट युरो, आणि बहुधा दोन तास जोडून देतात. माझे शिक्षक साठीच्या घरातले, शांत गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी मला काही न शिकवता गावातून फिरवून आणायला सांगितलं. परत आल्यावर म्हणाले, “गाडी तुम्हाला उत्तम येते. रस्ता इथला शिकायचा आहे.”

त्याचा अर्थ कळायला मला काही आठवडे लागले. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणं, डाव्या हाताऐवजी उजव्या हाताने गिअर टाकणं, याची सवय आम्ही गाडी घेतल्यापासूनच व्हायला लागली होती. ते अवघड नाही. अवघड गेलं ते गावातल्या साध्या गल्ल्यांमधलं चालवणं.

तीसच्या वेगमर्यादेच्या वस्तीत बहुतेक चौकांत सिग्नल नसतो आणि पाटीही नसते. तिथे नियम एकच, ‘रेख्ट्स फोर लिंक्स’. उजवीकडून येणारा आधी जाणार. तुमचा रस्ता रुंद आणि त्याची गल्ली अरुंद असली तरी तोच आधी. म्हणजे दर गल्लीच्या तोंडाशी वेग कमी करायचा, मान वळवून उजवीकडे आत खोलवर पाहायचं, कुणी नसेल तरच पुढे. एका ठिकाणी कोपऱ्यावर उंच कुंपण होतं, गल्ली दिसतच नव्हती. शिक्षकांनी मला पहिला गिअर टाकायला लावला आणि क्लचवर गाडी वीतभर वीतभर पुढे सरकवायला सांगितली. बॉनेट कुंपणाच्या पुढे गेलं, आतली लाल गाडी दिसली, मी थांबले, तिच्या चालकाने हात वर केला आणि तो निघून गेला. मग त्यांनी अपवाद सांगितले. उजवीकडची वाट फुटपाथच्या उतरत्या कडेवरून येत असेल, पार्किंगमधून येत असेल किंवा शेतातली कच्ची वाट असेल तर तिला तो आधी जाण्याचा मान नाही. त्यामुळे नजर नुसती गाड्यांवर ठेवून भागत नाही, कडेच्या दगडावरही ठेवावी लागते.

आणि याची दुसरी बाजू. पिवळ्या चौकोनाची पाटी असलेल्या मुख्य रस्त्यावर आपला मान असतो, तिथे आपण थांबायचं नाही. मी सुरुवातीला तिथेही ब्रेकवर पाय ठेवायचे. बाजूच्या रस्त्यावरून गाडी वेगाने येताना दिसली की नाशिकमध्ये ती थांबेल असं धरून कुणी चालवणार नाही, आणि तिथे ते शहाणपणाचंच आहे. आपल्याकडे चालवणारा माणूस कमी कसबी असतो असं मला अजिबात वाटत नाही. नाशिकच्या सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, चौकातून संध्याकाळी गाडी काढणाऱ्याला जेवढं भान लागतं तेवढं इथे कुणाला लागत नसेल. पण ते भान समोरचा काहीही करेल हे धरून घडलेलं असतं. इथे समोरचा थांबणार हे धरून चालवायचं असतं. आपण उगीच थांबलो तर मागचा गोंधळतो, बाजूचा गोंधळतो आणि नियमाप्रमाणे तो आपला दोष ठरतो. कारण नसताना हळू चालवणंही परीक्षेत दोषच. शिक्षक म्हणायचे, “तुमचा मान असेल तर घ्या, नसेल तर द्या. मधलं काही करू नका.” माझा पाय ब्रेकवरून उचलायला हे वाक्य कितीतरी वेळा ऐकावं लागलं. भीती वाटायची. ती भीती खरी होती, आणि ती हळूहळूच गेली.

दुसरी गोष्ट खांद्यावरून मागे पाहण्याची. आरशात पाहणं पुरत नाही. उजवीकडे वळताना, लेन बदलताना, कडेची गाडी बाहेर काढताना, दार उघडतानासुद्धा मान वळवून पाहायचं. कारण सायकली. त्या तुमच्या उजव्या बाजूने सरळ जात असतात आणि वळताना त्यांना आधी जाऊ द्यायचं असतं. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं. जागा नसेल तर सायकलमागे हळू चालत राहायचं, हॉर्न न वाजवता. गावात हॉर्न फक्त धोक्याच्या वेळी.

पाट्यांत मला सर्वांत नवीन वाटली ती गावाच्या नावाची पिवळी पाटी. ती पाटी हीच पन्नासची वेगमर्यादा. वेगळा आकडा लिहिलेला नसतो. गाव संपल्याची, तिरपी लाल रेघ मारलेली पाटी आली की लगेच शंभरपर्यंत मुभा. परीक्षेत पाटी लागताना वेग पन्नासवर आलेला असावा लागतो, पाटी ओलांडल्यावर कमी करायला घेतला तर उशीर झालेला असतो. महामार्गाची मला आधी धास्ती होती, प्रत्यक्षात तो सोपा गेला. जोडरस्त्यावर वेग घ्यायचा, थांबायचं नाही, जागा बघून आत शिरायचं. उजवीकडून ओलांडायचं नाही आणि ओलांडून झालं की परत उजवीकडे यायचं. वाहतूक तुंबली तर सर्वांत डावी लेन डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेला मधून वाट ठेवतात. शिक्षकांसोबत असताना एकदा ती वाट माझ्यासमोर उघडताना पाहिली. दोन्हीकडच्या गाड्या कुणी न सांगता सरकल्या.

२७ फेब्रुवारीला माझी सहा महिन्यांची मुदत संपली. गाडी दारात उभी आणि चालवायची सोय नाही. मार्च-एप्रिल आम्ही बसने काढले. मुलीला एकदा ताप होता तेव्हा शेजारच्या आजींनी डॉक्टरांकडे सोडलं. त्यांच्याशी तोवर नुसतं ‘हालो’पुरतं बोलणं होतं, तिथून पुढे घरोबा झाला. या काळात मला खूप पांगळं झाल्यासारखं वाटायचं, ते लपवत नाही. ज्या कामासाठी इतकी वर्षं कुणाचं तोंड पाहावं लागलं नव्हतं, त्यासाठी दुसऱ्याला विचारावं लागणं मनाला लागतं. नव्या देशात आलेल्या बहुतेकांना हे वेगवेगळ्या रूपांत भेटत असणार.

प्रत्यक्ष परीक्षा १४ मे ला सकाळी. परीक्षेची फी एकशे तीस युरो, शिवाय शिक्षक आणि गाडी यांचे एकशे नव्वद. पूर्ण प्रकार पंचावन्न मिनिटांचा असतो, त्यात गाडी चालवणं साधारण अर्धा तास. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, पण ही जर्मनमध्येच होते. त्यासाठी फार जर्मन लागत नाही. पुढच्या चौकात उजवीकडे, डावीकडे, सरळ, सुरक्षित जागी थांबा, गाडी वळवून घ्या, एवढ्या सूचना कानावर पक्क्या असल्या की झालं. परीक्षक काहीच बोलले नाहीत तर सरळ जायचं, हेही ठरलेलं असतं. शिक्षकांना शेवटचे काही तास फक्त जर्मनमध्ये बोलायला सांगा, फार उपयोग होतो.

परीक्षक मागच्या सीटवर टॅब्लेट घेऊन बसले, शिक्षक माझ्या शेजारी. शिक्षकांनी ब्रेकला किंवा स्टिअरिंगला हात लावला की परीक्षा तिथेच संपते. आधी बाहेर उभं राहून गाडीची तपासणी. टायरची खोली किमान किती, असं विचारलं, मी १.६ मिलिमीटर सांगितलं. दिवे कसे तपासाल, ते करून दाखवलं. मग निघालो. गावातून, तीसच्या वस्तीतून, महामार्गावर एक तुकडा, परत. मध्ये दोन गाड्यांच्या मधल्या जागेत मागे घेऊन गाडी लावायला लावली आणि एकदम ब्रेक दाबून थांबवायला लावली. ‘स्टॉप’च्या पाटीशी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, हळू करून सरकलं तर नापास, म्हणून तिथे मी मनातल्या मनात तीनपर्यंत मोजलं. एका गल्लीच्या तोंडाशी उजवीकडून व्हॅन येत होती, थांबले. पुढे मुख्य रस्त्यावर डावीकडून एक गाडी जोरात आली, माझा मान होता, पाय ब्रेकवर गेला नाही. शेजारी शिक्षकांनी किंचित मान हलवलेली मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली.

गाडी थांबवल्यावर परीक्षकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एका ठिकाणी इंडिकेटर उशिरा दिला आणि गावाबाहेर वेग थोडा लवकर वाढवायला हवा होता. मग हात पुढे केला. गळा दाटून आल्यामुळे मला धन्यवादसुद्धा नीट म्हणता आलं नाही.

कार्ड काही ठिकाणी परीक्षकच हातात देतात. माझं कार्यालयातून घ्यायचं होतं, कारण भारतीय लायसन्स जमा केल्याशिवाय ते देत नाहीत. हे बऱ्याच जणांना आयत्या वेळी कळतं आणि धक्का बसतो. जमा करण्याआधी दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत काढून ठेवा, क्रमांक लिहून ठेवा. नवीन कार्ड पंधरा वर्षांचं आहे, आणि मुदत संपल्यावर परीक्षा द्यावी लागत नाही, फक्त कार्ड बदलायचं असतं.

सगळे मिळून मला सतराशे युरोंच्या आसपास खर्च आला, त्यातले जवळजवळ नऊशे गाडीच्या तासांचे. स्कूलप्रमाणे आणि राज्याप्रमाणे हा आकडा बराच बदलतो, मोठ्या शहरांत जास्त पडतो. प्रत्यक्ष परीक्षेत नापास झालात तर किमान दोन आठवडे थांबून, परीक्षेची फी आणि गाडीचे पैसे परत भरून पुन्हा बसता येतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी चांगल्या चालकांना दुसऱ्यांदा बसावं लागलं आहे, त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. तास वाचवण्यापेक्षा दोन तास जास्त घेतलेले स्वस्त पडतात, हा माझा हिशेब.

आता माझ्या नवऱ्याची पाळी आहे. त्याचीही मुदत माझ्याबरोबरच संपली, पण अर्ज उशिरा केला तरी चालतो, फक्त लायसन्स हाती येईपर्यंत गाडी चालवता येत नाही. त्याचं भाषांतर आलं आहे, प्रथमोपचाराचं शिबिर पुढच्या शनिवारी आहे. स्कूल तेच, शिक्षकही तेच मिळावेत म्हणून मी स्वतः जाऊन त्यांची वही उघडायला लावली आणि सप्टेंबरचे तास आत्ताच लिहून घेतले.